पंपाचं पाणी खाली उतरू न देणारी झडप घरी कशी बनवायची

आमच्या विहिरीवर अर्धा एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच अंगात असलेला पंप बसला आणि पुढची दोन वर्षं आईची सकाळ एकाच कामाने सुरू व्हायची. पंपाच्या डोक्यावरचा प्लग पान्याने सोडवायचा, कळशीतलं पाणी तांब्यातांब्याने ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची, प्लग पुन्हा आवळायचा आणि मगच बटण दाबायचं. कधी पाणी चढायचं, कधी मोटर नुसतीच गुरगुरायची. लाइट जायच्या वेळेआधी टाकी भरली नाही तर दिवसभराचं गणित बिघडायचं.

कारण साधं होतं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी जी एकमार्गी झडप असते ती गळत होती. तिचं नाव फूट व्हॉल्व्ह, पण आमच्याकडे शेतकरी तिला सरळ फुटबॉल म्हणतात. नवी दोनदा आणली. पहिली आठ महिने टिकली, दुसरी एका पावसाळ्यातच गेली, कारण पावसाळ्यात विहिरीत गाळ आणि बारीक वाळू येते. खराब झालेली झडप करवतीने कापून पाहिली तेव्हा आतलं रबर अगदी चांगलं निघालं. रबर जिथे टेकतं त्या कडेवर वाळूचे चार कण रुतून बसले होते, एवढंच. पण सांधा चिकटवून बंद केलेला असल्याने ते कण काढायला जागाच नव्हती.

म्हणून तिसरी झडप मी घरी बनवली, आणि ती उघडता येईल अशी बनवली. तिची सगळी कृती पुढे देतो आहे. ती करताना एक गोष्ट मनात पक्की झाली: झडपेत रबराला जेवढं महत्त्व देतात तेवढं त्याला नाही. खरं महत्त्व बैठकीला आहे. बैठक, म्हणजे रबर ज्यावर टेकतं तो पृष्ठभाग, सपाट आणि गुळगुळीत असेल तर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही पाण्याचा थेंब सोडत नाही.

झडप काय करते

लोहाराचा भाता ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजवावं लागणार नाही. भात्याच्या भोकावर आतल्या बाजूने कातड्याची झापड असते. भाता फुगवला की ती उघडते आणि हवा आत येते, दाबला की ती भोकावर चिकटते आणि हवा नळीतून विस्तवाकडे जाते. सायकलच्या जुन्या व्हॉल्व्हवरची वालट्यूब हेच काम करते. गावोगावच्या हातपंपाच्या सिलिंडरमध्येही तळाला अशीच एक झडप असते. इंडिया मार्क टू हा हातपंप १९७०च्या दशकात आकाराला आला आणि त्याची मुळं आपल्या जालना आणि सोलापूरकडच्या हातपंपांत आहेत. तळाची झडप गळायला लागली की त्या पंपाचा दांडा सकाळी वीसवीस वेळा हापसल्याशिवाय पाणी येत नाही. आमच्या मोनोब्लॉकचं दुखणं नेमकं तेच होतं.

आमच्या मोनोब्लॉकसारखा सेंट्रिफ्यूगल पंप हवा ओढू शकत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. त्याचा पंखा पाण्याला फेकतो, त्याने मागे पोकळी होते आणि वातावरणाचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. पंख्याभोवती हवा असेल तर फेकायला काहीच नसतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर वर ढकलू शकतो. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवर हा आकडा पावणेनऊ मीटरच्या आसपास येतो. पाइपातलं घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की हाताशी सहा, फार तर सात मीटर उरतात. पाण्याची पातळी याहून खोल असेल तर कितीही चांगली झडप लावली तरी वर ठेवलेला पंप पाणी उचलणार नाही. काम सुरू करण्याआधी दोरीला दगड बांधून पंपापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून घ्या. उन्हाळ्यात पातळी जिथे जाते तिथपर्यंतचं मोजा, आजचं नव्हे.

आधी ठरवा, झडप हवी कुठे

पाइपाच्या तळाशी बसवली तर पंप आणि सक्शनचा, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणारा, पाइप कायम भरलेला राहतो. विहीर किंवा जमिनीखालच्या हौदावर पंप वर ठेवलेला असेल तर झडपेची जागा हीच. पंपानंतर, डिलिव्हरीच्या म्हणजे टाकीकडे पाणी जाण्याच्या बाजूला बसवली तर वरच्या टाकीतलं पाणी उलटं येत नाही, पण सक्शनची शाश्वती नाही, कारण पंपाच्या शाफ्टच्या सीलमधून हळूहळू हवा आत शिरते.

हल्लीच्या बऱ्याच छोट्या सेल्फ प्रायमिंग (दर वेळी पाणी ओतावं न लागणाऱ्या) पंपांना सक्शनच्या तोंडाशीच एक रबरी झापड दिलेली असते. तुमचा पंप तसा असेल तर आधी ते तोंड उघडून बघा. कित्येकदा त्या झापडीखाली शेवाळाचा तुकडा अडकलेला असतो आणि तो काढला की काम होतं.

तक्रार फक्त एवढीच असेल की पंप बंद केल्यावर वरच्या टाकीतलं पाणी उलटं खाली येतं, तर बहुतेक वेळा डिलिव्हरी पाइपाचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडालेलं असतं. ते टोक पाण्याच्या वर उचलून बांधा. पाणी उलटं खेचणारी वक्रनलिका (सायफन) तुटते आणि झडपेची गरज उरत नाही.

नगरपालिकेच्या नळाला थेट पंप लावणाऱ्यांसाठी हा लेख नाही. त्याने लाइनमध्ये पोकळी होते, फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात खेचलं जातं आणि ते शेजारच्या दहा घरांत पोचतं. नळाचं पाणी आधी हौदात घ्यावं आणि हौदातून पंपाने उचलावं.

युनियनमधली झापड

या झडपेचं अंग म्हणजे यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकचं) दीड इंची युनियन, म्हणजे उघडता येणारा पाइपाचा जोड. युनियनचे दोन अर्धे मोठ्या नटाने एकमेकांवर आवळले जातात. त्या दोघांमध्ये एक बैठकीची चकती आणि तिच्यावर रबराची चकती ठेवायची. रबराचा बाहेरचा काठ गॅस्केटचं काम करतो आणि मधली जीभ झापडीचं. नट फिरवला की पाच मिनिटांत सगळं हातात येतं.

पाइप एक इंची असताना युनियन दीड इंची का? अर्धा एचपीचा पंप तासाला दोन हजार लिटर देत असेल तर एक इंची पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आत राहतो. झडपेचं भोक पाइपापेक्षा लहान झालं की हा वेग तिथे वाढतो आणि सक्शनची मोलाची उंची त्यात वाया जाते. एक इंची युनियन घेतलं तर बैठकीला टेकायला कड ठेवून भोक जेमतेम १५ मिमी उरतं. दीड इंचीत ते २८ मिमी होतं, म्हणजे पाइपाच्या आतल्या व्यासाहून थोडं मोठंच.

दुकानातून आणायचं ते असं: ओरिंगवालं (रबरी कडी असलेलं) दीड इंची युनियन एक, दीड इंचीवरून एक इंचीवर आणणारा रिड्यूसर एक, दीड इंची पाइप फूटभर, पाइपाचं टोक बंद करणारी दीड इंची एंड कॅप एक, पाइप चिकटवायच्या सोल्युशनची छोटी डबी, ५ मिमीचा स्टेनलेस बोल्ट १५ मिमी लांबीचा, त्याला नायलॉनचा नट आणि दोन स्टेनलेस वायसर. लोखंडी किंवा झिंक चढवलेले वायसर घेऊ नका, वर्षभरात त्यांचा गंज रबराखाली जातो. ट्रकच्या ट्यूबचा हातभर तुकडा पंक्चरवाल्याकडे मिळतो. सायकलची ट्यूब चालणार नाही, ती फार पातळ असते. दोन ते अडीच मिमी जाडी हवी. पॅच किंवा साच्याची उठलेली रेघ नसलेला भाग निवडा.

पिण्याच्या पाण्यासाठी झडप असेल तर ट्यूबऐवजी खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन शीट घ्या. ट्यूबच्या रबराचा वास सुरुवातीचे बरेच दिवस पाण्याला येतो.

*मापं.* प्रत्येक कंपनीच्या युनियनचा बोअर, म्हणजे आतला व्यास, थोडा वेगळा असतो, म्हणून माझी मापं डोळे मिटून घेऊ नका. व्हर्नियरने बोअर मोजा. भोकाचा व्यास बोअरपेक्षा १२ मिमी कमी आणि जिभेचा व्यास बोअरपेक्षा ४ मिमी कमी ठेवा. माझा बोअर ४० मिमी होता, म्हणून भोक २८ आणि जीभ ३६. म्हणजे जीभ भोकाच्या सगळ्या बाजूंनी ४ मिमी बैठकीवर टेकते आणि पाइपाच्या भिंतीला दोन मिमी अंतर ठेवून हलते.

*बैठकीची चकती.* इथे घाई करू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे. मी ११० मिमीच्या जुन्या पीव्हीसी पाइपाचा तीन मिमीच्या आसपास जाडीचा तुकडा घेतला, मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात पाचसात मिनिटं ठेवला, चिमट्याने काढला आणि दोन शहाबादी फरश्यांमध्ये दाबून वर पाण्याने भरलेला हंडा ठेवला. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. पाइप कधीही थेट गॅसच्या ज्योतीवर धरू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती फुप्फुसाला घातक आहे. इलेक्ट्रिक बोर्डाची जुनी बेकेलाइट शीट तयार सपाट मिळते म्हणून मोह होतो, पण कायम पाण्यात राहिली की तिच्या कडा फुगतात.

सपाट तुकड्यावर कंपासने दोन वर्तुळं काढा. बाहेरचं युनियनच्या नटात सहज बसेल एवढं, आतलं २८ मिमीचं. आतलं भोक होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडलं तर उत्तम. नसेल तर रेघेच्या आत गिरमिटाने छोटी भोकं पाडून मधला तुकडा काढा आणि अर्धगोल कानशीने गोल करा.

आता घासकाम. ओट्याचा कडप्पा स्वच्छ पुसा, त्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर पालथा न घालता सरळ पसरा आणि पाण्याने ओला करा. चकतीच्या वरच्या अंगावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारा आणि मराठी चारच्या आकड्यासारखी वळणं घेत ती पेपरवर फिरवा. मध्ये मध्ये उचलून बघा. जिथे पेन्सिल शिल्लक आहे तिथे खड्डा आहे. सगळ्या रेघा गेल्या की पुन्हा मारा, ४०० नंबरवर घासा, मग ८०० वर. शेवटी भोकाच्या वरच्या कडेची धार पेपरने हलकेच मोडा, अर्धा मिमीसुद्धा नको. या कामाला मला पाऊण तास लागला आणि माझ्या मते या झडपेतला सगळ्यात सार्थकी लागलेला वेळ तोच.

*रबराची चकती.* बैठकीच्या चकतीच्याच बाहेरच्या मापाची रबराची चकती कापा. कापताना ब्लेडला साबणाचं पाणी लावलं की रबर ओढलं जात नाही. मधोमध ४० आणि ३६ मिमीची दोन वर्तुळं काढा. या दोन वर्तुळांमधली चंद्रकोरीसारखी पट्टी कापून टाकायची, पण एका बाजूला १२ मिमी जागा न कापता ठेवायची. ती बिजागरी. कापाच्या दोन्ही टोकांना आधी मोच्याच्या पंचाने तीन मिमीचं गोल भोक पाडून घ्या आणि काप त्या भोकात येऊन संपवा. ब्लेडचा काप नुसता सोडला तर रबर तिथूनच फाटत जातं. गोल भोकाशी येऊन फाटणं थांबतं.

ट्यूबच्या रबराला मूळचा बाक असतो. बाकाची पोकळ बाजू बैठकीकडे यायला हवी, म्हणजे जिभेच्या कडा आधी टेकतात आणि पाण्याचा भार आला की मधला भाग बसतो. उलट लावली तर कडा उचललेल्या राहतात आणि थेंबथेंब गळती होते.

*जिभेला पाठबळ.* नुसतं रबर भोकावर ठेवलं तर पाण्याचा भार त्याला भोकातून खाली ढकलेल. हा भार किती? विहिरीतलं पाणी पंपापासून सहा मीटर खाली आणि टाकी पंपापासून नऊ मीटर वर, एकूण पंधरा मीटरचा पाण्याचा खांब झडपेवर उभा राहतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो. २८ मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटरच्या वर आहे, म्हणजे जिभेवर सव्वानऊ किलोच्या जवळपास वजन. म्हणून जिभेच्या वर ३२ मिमीचा वायसर आणि खाली २४ मिमीचा, आणि दोन्हींमधून बोल्ट. वरचा भोकापेक्षा मोठा आहे, तो रबराला खाली जाऊ देत नाही. खालचा भोकापेक्षा लहान आहे, तो भोकात उतरतो. वायसर या मापात नाही मिळाले तर लेथवाला दोन मिनिटांत करून देतो. रबरात बोल्टसाठी पाडायचं भोक चार मिमीचंच ठेवा, म्हणजे पाच मिमीचा बोल्ट त्यात घट्ट बसेल आणि तिथून पाणी झिरपणार नाही.

बोल्टचं डोकं खाली आणि नट वर येऊ द्या. जीभ उघडताना वरचा नट पाइपाच्या भिंतीला टेकतो आणि जीभ पूर्ण उभी होत नाही. त्यामुळे पंप थांबला की ती आपल्या वजनाने परत पडतेच. हे वजन इतकं थोडं आहे की झडप उघडायला दोनतीन सेंटिमीटर पाण्याएवढा दाबही पुरतो.

*चिकटवणं.* रबर आत असताना सोल्युशनला हात लावायचा नाही. आधी युनियन पूर्ण उघडा. ओरिंगवाला अर्धा खाली, म्हणजे पाणी येण्याच्या बाजूला, आणि सपाट तोंडाचा अर्धा वर, असं ठरवून दोन्हींवर मार्करने बाण काढा. वरच्या अर्ध्याला दीड इंची पाइपाचा चारपाच सेंटिमीटरचा तुकडा आणि त्यावर रिड्यूसर, खालच्याला जाळीचा पाइप (त्याची कृती पुढे आहे). कापलेल्या कडा पेपरने घासा, सोल्युशन दोन्ही अंगांना लावा, पाइप आत घालताना पाव वेढा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. काम उघड्यावर करा, वाफ डोक्यात जाते. पूर्ण एक दिवस वाळू द्या.

मग ओरिंगवर बैठकीची चकती, घासलेली बाजू वर. तिच्यावर रबर. त्यावर वरचा अर्धा. नट आवळताना मोजा, किमान तीन पूर्ण वेढे धरले गेले पाहिजेत. रबर आणि चकती मिळून पाच मिमी जागा घेतात, त्यामुळे काही युनियनमध्ये वेढे कमी पडतात. तसं झालं तर चकती खालच्या बाजूने घासून दोन मिमीवर आणा. नट हाताने आवळा आणि पान्याने फक्त पाव वेढा द्या. जास्त आवळलं की रबर आतल्या बाजूला फुगतं आणि जीभ अडकते. ग्रीस किंवा तेल लावू नका, ट्यूबचं रबर त्याने फुगतं. हवंच असेल तर साबणाचं पाणी.

*जाळी.* दीड इंची पाइपाचा पंधरा सेंटिमीटरचा तुकडा, खाली एंड कॅप. अंगावर पाच मिमीची भोकं, दहादहाच्या आठ ओळी. ऐंशी भोकांचं मिळून क्षेत्रफळ एक इंची पाइपाच्या तिप्पट होतं. त्यामुळे पाणी भोकांतून सावकाश शिरतं आणि पाला खेचून धरत नाही, निम्मी भोकं बुजली तरी पंप उपाशी राहत नाही. वर स्टेनलेसच्या जाळीचा एक वेढा तांब्याच्या तारेने बांधा. माझ्या विहिरीतल्या वाळूला याच वेढ्याने अटकाव झाला.

विहिरीत सोडण्याआधी तपासणी

झडपेवर एक इंची पाइपाचा मीटरभर तुकडा जोडा, ती रिकाम्या बादलीत उभी करा आणि वरून पाणी भरा. पातळीवर खूण करून रात्रभर ठेवा. सकाळी पातळी दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरली नसेल तर झडप पास.

मीटरभर पाण्याने तपासायचं, पंधरा मीटरने नाही, याला कारण आहे. जास्त भाराखाली रबर आपोआप दाबलं जातं आणि बारीक दोष झाकले जातात. कमी भारावर जी झडप धरते ती जास्त भारावर धरतेच, अट एवढीच की जिभेवरचा वायसर नीट बसलेला हवा. आणि गळती लहान म्हणून सोडून देऊ नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर. सहा मीटरच्या एक इंची पाइपात पाणी मावतं तीन लिटर. म्हणजे सेकंदाला थेंबभर गळणारी झडप संध्याकाळी भरलेला पाइप दुसऱ्या दुपारपर्यंत रिकामा करते.

पाणी जास्त उतरलं तर युनियन उघडा, बैठकीवर खडूची पूड पसरा, जीभ टेकवून उचला आणि रबरावरचा ठसा बघा. जिथे पांढरं वर्तुळ तुटलं आहे तिथे दोष आहे. नव्वद टक्के वेळा पुन्हा ८०० च्या पेपरवर फिरवलं की वर्तुळ पूर्ण होतं.

बसवणं

आधी मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. विहिरीच्या कठड्यावर ओल्या हाताने काम करताना घरातलं कुणी नकळत बटण दाबेल, हा धोका खरा आहे. पंपाच्या लाइनवर आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर झडपेच्या आधी ते बसवून घ्या.

झडप उभीच राहायला हवी, बाण वर. आडव्या पाइपात लावावीच लागली तर बिजागरी वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे जीभ लोंबून बैठकीवर येईल. तळापासून किमान एक फूट वर टांगा, नाहीतर गाळ ओढला जाईल. उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पातळीच्याही फूटभर खाली ठेवा, नाहीतर पाण्यात भोवरा होतो आणि त्यातून हवा शिरते. भरलेल्या पाइपाचं वजन पंपाच्या तोंडावर येऊ देऊ नका, नायलॉनच्या दोरीने पाइप कठड्याला बांधा. पंपाच्या तोंडाशी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहाबारा वेढे, आट्यांच्या दिशेनेच.

शेवटचं एकदा प्रायमिंग करा, म्हणजे प्लग उघडून पाणी भरा, आणि पंप चालू करा. पाणी न चढता मोटर मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका. मेकॅनिकल सील (शाफ्टभोवतीचं सील) पाण्यानेच गार राहतं, कोरडं चाललं की जळतं.

तरीही पाणी तुटलं तर

या दोन दोषांची लोक फार गल्लत करतात आणि चांगली झडप फेकून देतात. पंप *बंद* असताना पाइप रिकामा होत असेल तर दोष झडपेत. पंप *चालू* असताना पाणी तुटकतुटक येत असेल, फुगे येत असतील, तर झडप निर्दोष आहे आणि सक्शनच्या एखाद्या जोडातून हवा शिरते आहे.

तो जोड शोधायची सोपी युक्ती. पंप चालू असताना सक्शनमध्ये पोकळी असते, म्हणून फट हवा ओढते आणि बाहेर काही दिसत नाही. पंप बंद केला आणि खालची झडप पक्की असली की तोच पाइप वरच्या पाण्याच्या भाराखाली येतो आणि तीच फट आता पाणी बाहेर सोडते. जोड कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येकाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा, पंप पाच मिनिटं चालवून बंद करा. अर्ध्या तासाने जी पट्टी ओली झाली तो जोड. डिलिव्हरीवर दुसरी झडप असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण वरच्या पाण्याचा भार ती अडवून धरते.

पंप बंद करताना पाइपात धाडकन आवाज येत असेल तर जीभ उशिरा बंद होते आहे. परतीचं पाणी वेग घेतं आणि मग आपटतं. वरच्या वायसरवर आणखी एक वायसर चढवा. वजन वाढलं आणि उघडझाप कमी झाली की आवाज जातो.

अगदी छोट्या पंपासाठी गोटीची झडप

परसबागेतल्या कुंडात किंवा पिंपात ठेवलेल्या चिमुकल्या पंपाला युनियनचा खटाटोप नको. पंचवीस मिमीची मोठी काचेची गोटी घ्या. पाऊण इंची पाइपाचं टोक उकळत्या पाण्यात मऊ करा आणि साबण लावलेली गोटी त्यावर सरळ दाबून गार होईपर्यंत धरा. टोकाला गोटीच्याच आकाराची वाटी तयार होते. हे टोक सव्वा इंची पाइपाच्या तुकड्यात रिड्यूसरने उभं बसवा, गोटी वाटीत ठेवा आणि तिच्या वर पंधरा मिमीवर एक स्टेनलेस सळई आडवी घाला, नाहीतर गोटी वर जाऊन बाहेरचं तोंड बंद करेल. गोटी पाण्यात साधारण बारा ग्रॅमची भरते आणि चार सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने उचलली जाते. काच आणि पीव्हीसी दोन्ही कडक, त्यामुळे ही झडप शेवटचा थेंब धरत नाही. डिलिव्हरीला चालेल, विहिरीच्या तळाला नाही.

कुठे वापरू नये

एकूण वीस मीटरपेक्षा जास्त उंचीला, एक एचपीच्या वरच्या पंपाला आणि बोअरवेलला घरची झडप लावू नका. पन्नास मीटर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो, आणि तिथे चकती फुटली तर पंप वर काढायचा खर्च झडपेच्या कित्येक पट येतो. सबमर्सिबल पंपांच्या तोंडाशी बहुधा झडप असतेच. गरम पाण्याच्या लाइनला तर मुळीच नको, ज्या उष्णतेने आपण पीव्हीसी मऊ करून घेतलं तीच इथे त्याची बैठक वाकडी करेल.

देखभाल

पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास झडप वर काढतो. नट फिरवायचा, जीभ आणि बैठक स्वच्छ पाण्याने धुवायची, बोटाच्या टोकाने बैठकीवरून गोल फिरवून एखादा कण रुतला आहे का बघायचं. बिजागरी दुमडून बघायची, कापाच्या टोकाच्या भोकांपाशी चीर दिसली तर रबर बदलायचं. जाळीवरची शेवाळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढायची. रबराच्या दोन जादा जिभा मी पहिल्याच दिवशी त्याच मापाने कापून ठेवल्या होत्या. त्या पंपाच्या खोलीत उन्हापासून दूर, खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेल्या आहेत, आणि पिशवीवर आईने मार्करने तीन मापं लिहून ठेवली आहेत: ४०, ३६, २८.